लाटांचा अंदाज बरोबर की चूक, हे तपासतात कसं?



कळंबहून समुद्र दिसत नाही. पण सुकट, बोंबील, जवळा आपल्या घरी येतोच. ही मासळी आणणारी होडी आज समुद्रात न्यावी की नको, हे ठरवताना कोळी बांधव आता लाटांचा अंदाजही बघतात. तो चुकला तर जिवावर बेततं. म्हणून तो कसा तयार होतो आणि कसा तपासतात, हे बघू या.

हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. 1999 साली ती सुरू झाली. तिथे संगणकात वाऱ्याचा अंदाज घालतात: वारा किती जोराचा, किती वेळ, किती लांबपर्यंत वाहणार. त्यावरून लाटा किती उंच होतील याचं गणित मांडतात. या गणितालाच मॉडेल म्हणतात. वाऱ्याचा आकडा चुकला की लाटेचाही चुकतो.

मग खरी उंची कोण मोजणार? इथे उपग्रह कामाला येतो. इस्रोने 25 फेब्रुवारी 2013 रोजी भारत आणि फ्रान्सचा ‘सरल’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. असा उपग्रह सुमारे 800 किलोमीटर उंचीवरून खाली रेडिओ लहरी सोडतो आणि पाण्यावरून परत येणारा पडसाद टिपतो. समुद्र शांत असेल तर पडसाद एकदम येतो. लाटा उंच असतील तर आधी लाटांच्या माथ्यावरून येतो, मग खालच्या भागातून. म्हणजे पडसाद लांबतो. जितका लांबेल तितक्या लाटा उंच.

आता एकाच जागेचा, एकाच वेळचा मॉडेलचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवतात. आपण गटाची वही बँकेच्या पासबुकाशी ताडून बघतो ना, तसंच. पण नुसती बेरीज जुळली म्हणून भागत नाही. समजा, एके दिवशी अंदाज 2 मीटर होता आणि लाट निघाली अडीच मीटर. दुसऱ्या दिवशी अंदाज 3 मीटर आणि लाट परत अडीचच. सरासरी काढली तर चूक शून्य! प्रत्यक्षात दोन्ही दिवस अंदाज चुकलाच. वहीत एका ताईचे 50 रुपये जास्त आणि दुसरीचे 50 कमी लिहिले, तरी एकूण जुळतंच की. म्हणून रोजची चूक वेगळी मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट. वर्षातले बरेच दिवस समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, त्यामुळे एकूण हिशोब चांगलाच दिसतो. खरी परीक्षा वादळात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते आठवा. अशा वेळी वाऱ्याचा जोर कमी धरला गेला तर मॉडेल लाटाही कमी दाखवतं. म्हणून मोठ्या लाटांचे दिवस बाजूला काढून तपासतात.

उपग्रहालाही मर्यादा आहेत. तो आपल्या वाटेखालचंच पाणी मोजतो; ‘सरल’ला त्याच वाटेवर परत यायला 35 दिवस ठरवले होते. किनाऱ्याजवळ जमिनीचा पडसाद मिसळतो. तिथे पाण्यात तरंगणारी मोजयंत्रं लागतात. असं एक यंत्र इन्कॉइसने रत्नागिरीजवळ ठेवलं होतं.

तुमचं माहेर किंवा नातलग अलिबाग, मुरूडकडे असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा. अंदाजातली ‘2 मीटर’ ही सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट 4 मीटरच्या आसपासही उठू शकते. आणि मागच्या वेळी इशारा देऊन काहीच झालं नाही, म्हणून या वेळचा इशारा सोडून देऊ नये. एका दिवसावरून अंदाजाची पारख होत नाही, ती अनेक दिवसांच्या ताळ्यावरून होते.

भातलावणीच्या वेळी पावसाचा अंदाज ऐकतानाही हेच लक्षात ठेवा.