असं का होतं? : नवशिक्याचे पाय का बुडतात?

उन्हाळ्यात परभणीकडच्या विहिरींवर पोरं पोहायला शिकतात. पाठीला रिकामा कॅन बांधलेला, तरी नाकातोंडात पाणी! कारण घाबरलेलं पोर मान उंच काढतं. फुप्फुसांत हवा असल्यानं छाती तरंगते, पाय मात्र जड. बैलगाडीचं जू उचललं की मागची बाजू जमिनीला टेकते. तसंच मान वर, पाय खाली. शिवाय मोठ्या माणसाचं डोकं सुमारे 5 किलोचं. पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलतं, बाहेर काढलं की अंग तेवढं खोल बसतं. 5 लिटरचा कॅन पूर्ण बुडाला तर जवळपास तेवढाच भार उचलतो. म्हणून आधी कान पाण्यात ठेवून, छाती भरून उताणं तरंगायला शिकवा. आणि कॅनची गाठ तपासल्याशिवाय, पट्टीचा पोहणारा सोबत असल्याशिवाय लेकरांना विहिरीत उतरू देऊ नका.