शब्द मोंढ्यात भेटतो

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर आमचा भरवसा नाही. (नांदेड-लातूरकडं शिकवण्यांच्या पाट्या भरपूर, तरी सांगतो.) सोयाबीनचा ओलावा मोजायच्या यंत्राला मोंढ्यात 'मॉइश्चर मीटर' म्हणतात. हमीभावाच्या खरेदीत ओलावा एरवी १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. त्यापुढं माल परत. हा शब्द शेतकऱ्याच्या पोराकडून कुणाला घोकून घ्यावा लागत नाही! मग घरी क्रीमच्या डबीवर तो 'मॉइश्चरायझर' वाचतो. तीच ओल, मोंढ्यात पैसे बुडवणारी, इथं पैसे मोजून घ्यायची. भर्तृहरीनं 'वाक्यपदीया'त अर्थाचा मूळ घटक वाक्य मानला, सुटा शब्द नव्हे. म्हणून आपण शब्दकोश बघावाच, पण आधी अंदाज बांधून; आणि शब्द ज्या ओळीत सापडला, ती अख्खी ओळ वहीत उतरवून घ्यावी.