आवडत्या दिग्दर्शकाचा सिनेमा का आवडत नाही?

एखादा सिनेमा आवडला नाही तर आपण ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतो आणि विसरून जातो. पण आवडत्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा आवडला नाही तर तसं होत नाही. कोणी विचारलं तर आधी ‘बरा आहे’ म्हणतो, मग ‘कॅमेरा छान आहे’ म्हणतो आणि शेवटी ‘तूच बघ आणि ठरव’ म्हणून विषय बदलतो. यात राग कमी, हिरमोड जास्त असतो. हा हिरमोड कुठून येतो, ते जरा उलगडून बघू.

उदाहरण म्हणून नागराज मंजुळे यांचे चित्रपट घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले असतील. ‘फँड्री’ २०१३ चा, ‘सैराट’ २०१६ चा. त्यानंतर सहा वर्षं वाट पाहिल्यावर मार्च २०२२ मध्ये ‘झुंड’ आला. हिंदीत, अमिताभ बच्चन यांना घेऊन, झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला. अनेकांना तो मनापासून आवडला. मला अर्धाच आवडला. वस्तीतली पोरं पडद्यावर आली की सिनेमा जिवंत होतो. पुढे मात्र जे आधीच दिसलेलं असतं, तेच पुन्हा भाषणातून सांगितलं जातं. ‘फँड्री’त मारलेलं डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रं दिसतात. तिथे एक शब्दही बोलला जात नाही, आणि तरी आपण खाली मान घालतो. ज्याने हे करून दाखवलंय, त्याने समजावून सांगायला सुरुवात केली की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण सगळा दोष सिनेमाच्या माथी मारण्याआधी आपल्या बाजूचाही हिशोब करायला हवा.

पहिली गोष्ट साधी गणिताची आहे. आपण एखाद्या दिग्दर्शकाचे चाहते कधी होतो? त्याचा सर्वांत जमलेला सिनेमा पाहिल्यावर. एखाद्या फलंदाजाने दीडशे धावा केल्या की पुढच्या डावात तो बहुधा त्याहून कमीच करतो. म्हणजे त्याचा खेळ बिघडला असं नाही. दीडशे हीच रोज न घडणारी गोष्ट होती. आपण मात्र त्या दीडशेलाच त्याची सरासरी धरून बसतो.

दुसरी गोष्ट भाषेची. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ती जास्त नाजूक आहे. ‘सैराट’मधले आर्ची-परश्या पळून हैदराबादला येतात. कानावर तेलुगू पडते, काही कळत नाही, आणि स्वतःच्या भाषेचं एखादं माणूस भेटावं असं वाटतं. हे परकेपण आपल्या घरातल्या आजी-आजोबांनी अनुभवलेलं आहे. म्हणून तो सिनेमा आपल्याला ‘आपला’ वाटला. पुढचा सिनेमा हिंदीत आला तेव्हा काहीतरी हातून निसटल्यासारखं वाटलं. पण ही खंत आपली आहे, सिनेमाचा दोष नाही. नागपूरच्या वस्तीतली ती मुलं तशीच हिंदी बोलतात.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्याला नवं हवं असतं आणि जुनंही सोडवत नाही. उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’त गावभर उधळणारा बैल आणि त्याला पकडण्याची धमाल होती. त्यानंतरचा ‘विहीर’ दोन भावंडांचा, मृत्यूबद्दलचा, संथ सिनेमा. ‘वळू’सारखंच हसायला मिळेल म्हणून जो जाईल, त्याला ‘विहीर’ कंटाळवाणाच वाटणार. इथे दिग्दर्शक पुढे गेलेला असतो आणि प्रेक्षक जुन्या थांब्यावर त्याची वाट पाहत असतो.

चौथी गोष्ट काळाची. गुरुदत्तचा ‘प्यासा’ १९५७ चा. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दोनच वर्षांनी ‘कागज के फूल’ आला आणि साफ पडला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पडद्यावर पुन्हा नाव लावलं नाही. आज तोच सिनेमा अभ्यासक्रमांत शिकवला जातो. तेव्हाच्या प्रेक्षकांची निराशा खोटी नव्हती, पण तो शेवटचा निकालही नव्हता.

मग ‘काळ ठरवेल’ म्हणून आपण गप्प बसायचं का? मुळीच नाही. पडलेला प्रत्येक सिनेमा काही ‘कागज के फूल’ नसतो. काही सिनेमे खरोखरच फसलेले असतात, आणि ते सांगणारं कोणीतरी लागतं. अडचण अशी की विषय जातीचा, गरिबीचा, अन्यायाचा असला की ‘आवडला नाही’ म्हणायला जीभ अडखळते. आपण त्या माणसांच्या विरुद्ध बोलतोय असं वाटतं. इथे एक फरक ध्यानात ठेवला तर बोलणं सोपं जातं. विषय मोठा म्हणून सिनेमा मोठा होत नाही, आणि सिनेमा फसला म्हणून विषय खोटा ठरत नाही. केवळ विषयाकडे बघून ‘छान छान’ म्हणणं म्हणजे त्या दिग्दर्शकाला कलावंत म्हणून मोजायचंच नाकारणं.

तेव्हा आपल्या मंडळात पुढच्या वेळी अशा सिनेमावर चर्चा होईल, तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहूया. हा सिनेमा काय करू पाहत होता? ते त्याला कुठे जमलं आणि नेमक्या कोणत्या प्रसंगात सुटलं? आणि हाच सिनेमा एखाद्या नवख्या, अनोळखी दिग्दर्शकाचा असता तर मी काय म्हटलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा ‘पदार्पण म्हणून उत्तम’ असं येतं. तसं आलं तर आपली निराशा बरीचशी अपेक्षांची होती असं समजावं. नाही आलं, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रसंगासकट, न कचरता मांडावं. आणि त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमाचं तिकीट तरीही काढावं. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते, त्याच्यावर कोणी नाराजही होत नाही.