खुबा निखळला, कागदावर काय लिहिले?

ट्रॅक्टर उलटला, जीपच्या टकरीत गुडघा जोराने आदळला किंवा झाडावरून पडणे झाले, तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून निसटू शकतो. दहापैकी सुमारे नऊ वेळा तो मागे सरकतो. मग पाय आखूड दिसतो व आत वळतो. गोळा पुढे सरकल्यास पाय बाहेरच्या बाजूस वळतो. अशा वेळी पाय ओढू नये, चोळू नये. रोग्याला न हलवता फळीवर निजवून दवाखान्यात न्यावे. सांधा शक्यतो सहा तासांच्या आत बसला पाहिजे. उशीर झाल्यास गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याची भीती वाढते.

इतकी धावपळ आपण करतो. पण घरी येताना मिळालेला कागद वाचतो का? "पाय निखळला" एवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगसूचीत प्रत्येक दुखण्याला खूण आहे. अपघाताने निखळलेला खुबा एस ७३.०, जन्मतः निखळलेला क्यू ६५, बसविलेला कृत्रिम सांधा निसटला तर टी ८४.०. वाटीचे हाडही मोडले असेल तर एस ३२.४ ही खूण वेगळी लावावी लागते. दुखापत कशाने झाली याचीही खूण असते: झाडावरून पडणे डब्ल्यू १४, शेतीच्या वाहनाचा अपघात व्ही ८४. कारकून ही खूण डॉक्टरांच्या लिखाणावरूनच लावतो. अपघाताच्या जागी जन्मजात दोष लिहिला गेला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

म्हणून घरी निघण्यापूर्वी कागदावर पुढील गोष्टी आहेत का ते पाहावे:

१. उजवा खुबा की डावा. गोळा मागे सरकला की पुढे.
२. अपघात कसा व किती वाजता झाला.
३. सांधा किती वाजता व कसा बसविला.
४. पाऊल वर उचलता येते का. कारण मांडीमागची मोठी शीर दुखावलेली असू शकते.
५. सांधा बसविण्यापूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे.

चूक दिसल्यास डॉक्टरांना नम्रपणे सांगून तेथेच दुरुस्त करून घ्यावी व सही घ्यावी. स्वतः खाडाखोड करू नये.

गोळ्याचे हाड मरू लागले तर ते कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी लक्षात येते. जांघेत पुन्हा दुखू लागल्यास नव्या डॉक्टरांना हाच कागद वाट दाखवील. सात-बाऱ्याच्या उताऱ्याइतकाच तो जपून ठेवा.