खारे पाणी आणि प्रबलित काँक्रीटचे आयुष्य

दि. ५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला. त्याला बांधून सुमारे पंधरा वर्षेच झाली होती. आतील पोलादी तारा गंजणे हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. त्यानंतर काही वर्षे लोकांना पुन्हा फेरीबोटीवर अवलंबून राहावे लागले. काँक्रीट दगडासारखे टिकाऊ असते, तर असे का व्हावे?

मीठ प्रामुख्याने काँक्रीटला नव्हे, तर आतल्या सळईला घातक ठरते. सिमेंटमुळे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ च्या वर असतो. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो व तो तिचे रक्षण करतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपते आणि हा थर ठिकठिकाणी भेदते. मग ओलावा व प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. या क्रियेत क्लोराइड खर्ची पडत नाही, म्हणून ती थांबत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीटला तडे जातात, पोपडे निघतात आणि खाऱ्या पाण्याची वाट अधिकच मोकळी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सदैव पाण्याखाली असलेल्या भागाला प्राणवायू कमी मिळतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र पाणी व हवा आलटून पालटून मिळतात. म्हणूनच 'आयएस ४५६ : २०००' या मानकात सळईवरील आच्छादन समुद्रात पूर्ण बुडालेल्या भागासाठी ४५ मि.मी., तुषार उडणाऱ्या भागासाठी ५० मि.मी. आणि भरतीच्या पट्ट्यासाठी ७५ मि.मी. सांगितले आहे.

कधी कधी मीठ बाहेरून येत नाही, आपणच ते आत घालतो. खाडीची न धुतलेली वाळू किंवा विहिरीचे मचूळ पाणी वापरले की बांधकामाच्या दिवशीच गंजाचे बीज पेरले जाते. अशा स्लॅबचे पोपडे वरवर लिंपून उपयोग नसतो, कारण शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ तसेच राहते.

किनारपट्टीवर महाविद्यालयाची इमारत उभी राहत असेल, तर बांधकाम समितीवरील प्राध्यापकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : वाळू व पाणी तपासले काय? मिश्रणात पाणी जास्त तर नाही ना? सळईखाली ठोकळे ठेवून पुरेसे आच्छादन राखले काय? काँक्रीटवर निदान सात ते दहा दिवस पाणी मारले काय? या काळजीला खर्च थोडा येतो. गंजलेला स्लॅब मात्र विद्यार्थ्यांच्या डोक्यावर असतो.