घराचे कर्ज आणि उसाचे बिल

नारायणगाव, मंचरकडे गटात फिरताना आम्हांस नवी घरे दिसतात. ओसरीवर टेकलो की हप्त्याचा विषय निघतोच. 10 लाख, 20 वर्षे, 9 टक्के धरा. हप्ता सुमारे 9,000 रुपये. पहिल्याच महिन्यात 7,500 व्याजात गेले! वर्षभरात मुद्दल फिटते अवघे 18,700. तेव्हाच उसाच्या बिलातून 50,000 जादा भरले अन् हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे 27 हप्ते वाचतात. बँकेला मात्र ‘मुदत कमी करा’ असे लेखी द्यावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. पण सोसायटीचे पीककर्ज थकवून हे करू नका. खोडव्याच्या खताचे पैसेही आधी बाजूला काढा, मग बँकेची पायरी चढा.