अनुदान तयार आहे, छत कोणाचे?

राजधानीच्या राजकारणात विजेच्या बिलाला फार वरचे स्थान आहे. मार्च २०१३ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी वाढीव बिलांविरुद्ध उपोषण केले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्याच सरकारने दरमहा २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज मोफत केली. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेच्या नावातही ‘मोफत वीज’ आहेच. फरक इतकाच की, दिल्ली सरकारच्या मोफत विजेसाठी मीटर पुरेसा होता; केंद्राच्या मोफत विजेसाठी छत लागते. मेख नेमकी येथेच आहे.

एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा या योजनेचा आवाका. तीन किलोवॉटच्या संचाचा सरकारने धरलेला खर्च १ लाख ४५ हजार रुपये. त्यावर केंद्राचे अनुदान ७८ हजार. दिल्लीतील नव्या सरकारने २०२५ मध्ये त्यात आणखी ३० हजारांची भर घातली. किलोवॉटमागे दिवसाला सुमारे चार युनिटे धरली, तर महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास वीज हाती येते. कागदावर हा व्यवहार कोणत्याही कुटुंबाला पटावा असाच आहे.

मात्र ज्या घराचे बिल आधीच शून्य आहे, त्याने वाचवायचे काय? मोफत विजेने सौर विजेची गोडी कमी केली, हे सत्ताधाऱ्यांनाही उमगले असावे. म्हणूनच दिल्लीच्या सौर धोरणात तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला प्रतियुनिट तीन रुपये, तेही पाच वर्षे देण्याचे ठरले. एका हाताने दिलेल्या सवलतीची दुसऱ्या हाताने केलेली ही भरपाईच होय.

त्याहून बिकट प्रश्न मालकीचा आहे. दिल्लीतील ‘बिल्डर फ्लोअर’मध्ये छताचा हक्क बहुधा वरच्या मजल्याच्या मालकाबरोबर विकला जातो. मयूर विहार वा द्वारका येथील सहकारी सोसायट्यांत गच्ची सर्वांची, म्हणून निर्णयही सर्वसाधारण सभेचा. सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या अधिकाऱ्याचे छत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात. शिवाय तीन-चार वर्षांत बदलीचा आदेश येणार, ही टांगती तलवार. उपजीविकेसाठी महाराष्ट्रातून येऊन भाड्याने राहणाऱ्याची तर गोष्टच निराळी.

विजेवरील मोटारीचेही तेच. २०२४ पर्यंत नव्या वाहनांपैकी एक चतुर्थांश विजेवर चालणारी असावीत, असे दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये ठरविले होते. ते उद्दिष्ट गाठता आले नाही. केंद्राने जून २०२३ मध्ये दुचाकींचे अनुदान घटविले. वाहनकर्जाच्या व्याजावरील दीड लाखांपर्यंतची प्राप्तिकर वजावट ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना नाही. तथापि, ग्राहकाचे पाऊल केवळ किमतीमुळे अडत नाही. ज्याची गाडी रात्री गल्लीत उभी राहते, त्याने चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची काय? चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची तरतूद केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत केली. पण जोडणी मिळाली तरी गाडी उभी करण्याची हक्काची जागा नियमाने मिळत नाही.

वस्तुतः मार्ग उपलब्ध आहे. एका छतावरील वीज अनेक मीटरांच्या बिलांत वाटून वळती करण्याची पद्धत दिल्ली वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच मान्य केली. सूर्यघर योजनेतही सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी, चार्जिंगसह, किलोवॉटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. मात्र योजनांच्या जाहिरातींत झळकते ते स्वतंत्र घर आणि त्याचा मालक.

छतावरील सौर विजेचे २०२२ पर्यंतचे ४० हजार मेगावॉटचे उद्दिष्ट अर्ध्यावरही पोहोचले नव्हते, हा अनुभव ताजा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्ली सरकारने भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना आणली, ती विधानसभा निवडणूक तोंडावर असताना. भाडेकरूही ग्राहक असतो आणि मतदारही, याची जाणीव तेव्हा झाली होती. सूर्यप्रकाशाच्या वाटपातही ती होईपर्यंत अनुदानाचा मोठा वाटा ज्यांच्याकडे आधीच छत आहे त्यांच्याच पदरात पडत राहील. आणि त्यासाठीचा कर मात्र बिनछताचा नागरिकही भरत असेल.